अंभीने दरवाजे उघडले, पुढे तक्षशिलेचं काय झालं?

प्रश्न तीन आहेत. सिकंदर आला तेव्हा तक्षशिलेच्या अंभी राजाने न लढता शहर त्याच्या हवाली केलं, तर तो फितूर होता का? तिथलं विद्यापीठ त्याच स्वारीत संपलं असं वाचलंय, ते खरं का? आणि या सगळ्याचा आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध लागतो का? मी बरीच वर्षं जुनी नाणी वाचायचं काम करतोय, त्यामुळे माझं बघणं राजांच्या गोष्टींपेक्षा नाणी, शिलालेख आणि उत्खननातले थर यांच्या बाजूने जास्त आहे हे आधी सांगतो. आणि तिथून बघितलं की अंभी हा या शहराच्या आयुष्यातला एक छोटा भाग आहे, त्याच्या आधी हे शहर परक्यांच्या हाताखाली होतं आणि त्याच्यानंतर आठशे वर्षं ते चालू राहिलं.

आधी जागा समजून घ्या कारण सगळं त्या जागेवरच आहे. आज ती पाकिस्तानात, रावळपिंडीच्या वायव्येला साधारण तीसेक किलोमीटरवर. तीन मोठे रस्ते तिथे येऊन मिळायचे, एक पाटलीपुत्राकडून येणारा उत्तरापथ, दुसरा पुष्कलावती आणि कापिशी करत बाल्ख आणि पुढे इराणकडे जाणारा, तिसरा काश्मीरच्या अंगाने मध्य आशियात उतरणारा. म्हणजे घोडे, लोकर, लाजवर्दी दगड, चांदी, कापड, हस्तिदंत सगळं याच नाक्यावरून जाणार. अशी जागा ज्याला उत्तरेत राज्य करायचंय त्याला हवीच असते, आणि महत्त्वाचं म्हणजे ती चालू स्थितीत हवी असते, जाळून तिचा काही उपयोग नाही. हे एक लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं उलगडतं.

सिकंदर पहिला परका नव्हताच. इ.स.पू. ५२० च्या सुमारास इराणच्या दारयवहुने, म्हणजे आपण ज्याला डरायस म्हणतो त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर आपल्या मुलखांची यादी कोरली, त्यात गंधार, म्हणजे तक्षशिलेचाच मुलूख, आहे. नंतरच्या लेखांमध्ये हिंदू हा सिंधूकाठचा प्रांतही येतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की हिंदी प्रांताकडून इराणला दरवर्षी ३६० टॅलेंट (टॅलेंट हे त्या काळचं मोठं वजन) सोन्याची भुकटी जायची. म्हणजे सिकंदर यायच्या दोनशे वर्षं आधीपासून या भागाला दूरच्या बादशहाला खंडणी देणं माहीत होतं. त्याच्या खुणा लिपीत आणि वजनांत दिसतात. खरोष्ठी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, ती इराणी कचेऱ्यांच्या अरामी लिपीवरून तयार झाली. आणि तक्षशिलेची सगळ्यात जुनी चांदीची नाणी म्हणजे वाकवलेल्या पट्ट्या, दोन टोकांना सहा आऱ्यांच्या चक्रासारखा ठसा, वजन साधारण ११ ग्रॅम, जे दोन सिग्लोसच्या, म्हणजे इराणी चांदीच्या नाण्यांच्या, आसपास येतं. पट्टी इथली, ठसा इथला, वजन मात्र असं ठेवलं की इराणी व्यापाऱ्याशीही हिशोब जमावा. या शहराचा स्वभाव तिथेच दिसतो.

आता अंभी. सिकंदर अजून सिंधूच्या पलीकडे लांब होता तेव्हाच अंभीने त्याच्याकडे बोलणी सुरू केली होती, आणि बापालाही शरण जा असाच सल्ला दिला होता. बाप वारला, अंभी गादीवर आला आणि त्याने तेच धोरण पुढे चालवलं. ही बोलणी चालू असताना शेजारी काय घडत होतं ते बघा. स्वातच्या बाजूला मस्सग नावाच्या शहराने लढाई केली, तिथे भाडोत्री सैनिकांना जाऊ देतो असं कबूल करून नंतर सिकंदराच्या फौजेने त्यांची कत्तल केली, आणि सिकंदराचं कौतुक करणारा प्लुटार्कसुद्धा हा डाग आहे म्हणतो. पुष्कलावतीने तीस दिवस वेढा सोसला आणि तिथला राजा मारला गेला. हे सगळं तक्षशिलेपासून काही दिवसांच्या वाटेवर, बातम्या रोज येत असणार, तांड्यांची वाटच ती.

इ.स.पू. ३२६ च्या वसंतात सिकंदराने सिंधू ओलांडली. सिकंदराच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा एरियन नजराण्याची यादी देतो, २०० टॅलेंट चांदी, ३,००० बैल, दहा हजारांवर मेंढ्या, ३० हत्ती आणि ७०० घोडेस्वार. नंतर अंभी आपलं सैन्य घेऊन, हत्ती सजवून सिकंदराला सामोरा गेला. दुसरा इतिहासकार डायोडोरस लिहितो की समोरून येणारी ती सजलेली फौज बघून सिकंदराला वाटलं हा दगा आहे, त्याने रणशिंगं फुंकायला लावली आणि आपल्या रांगा लढाईला उभ्या केल्या. अंभीच्या लक्षात आलं काय होतंय ते, त्याने आपलं सैन्य जागच्या जागी थांबवलं आणि मोजके स्वार घेऊन घोडा पुढे काढला, सिकंदरापर्यंत गेला, आणि स्वतःला त्याच्या हवाली केलं. तो अर्धा-पाऊण तास कसा गेला असेल याचा मी बरेचदा विचार करतो, दोन्हीकडे भाले तयार, एकमेकांची भाषा येत नाही, आणि मागे बाजारपेठ भरलेलं एक अख्खं शहर. घाबरट माणूस असं एकटा पुढे जात नाही, निदान मला तरी तसं वाटतं.

सिकंदराने त्याला उलट १,००० टॅलेंट दिले, आणि त्याचे स्वतःचे सरदार चिडले. कर्टिअस या रोमन इतिहासकाराने लिहिलंय की जेवणाच्या वेळी मेलिएगर नावाच्या सरदाराने सिकंदराला टोमणा मारला की चला, निदान भारतात तरी तुम्हाला हजार टॅलेंटच्या लायकीचा माणूस सापडला. शहर लुटलं गेलं नाही. सिकंदराबरोबरचे लोक तिथे फिरले, बाजार बघितला, शहराबाहेर काही अंतरावर बसलेल्या साधूंना जाऊन भेटले, त्यातला कलानोस पुढे सैन्याबरोबर इराणपर्यंत गेला आणि तिथे आजारी पडल्यावर स्वतःची चिता रचून घेतली. तिथल्या चालीरीतींच्या नोंदींमध्ये प्रेतं गिधाडांपुढे टाकायची पद्धतही आहे, यावरून इराणचा वास तिथे किती मुरला होता ते कळतं.

तर फितूर का? आपण मराठी माणसं किल्ल्यांच्या आणि बखरींच्या गोष्टींवर वाढलोय, दरवाजा आतून उघडला म्हटलं की फितुरी हाच शब्द डोक्यात येतो, आणि तिकडे तो शब्द बरोबरही असतो कारण तिथे एक धनी असतो, एक स्वराज्य असतं आणि त्याच्याशी बेइमानी झालेली असते. अंभीचा धनी कोण होता? पंजाबात तेव्हा छोटी छोटी राज्यं आणि गणराज्यं, मगधाचे नंद लांब पूर्वेला, आणि अंभीचं सगळ्यात मोठं वैर होतं ते झेलम पलीकडच्या पोरसशी. शहर न लढता देणं याला मी फितुरी म्हणणार नाही. पण तो तिथे थांबला नाही. आपले ५,००० लोक घेऊन तो सिकंदराबरोबर झेलमच्या लढाईला गेला, परक्याच्या ताकदीवर शेजाऱ्याचा काटा काढायला, आणि याचं समर्थन मला करता येत नाही. लढाई संपत आली तेव्हा जखमी पोरसला समजवायला सिकंदराने अंभीलाच पाठवलं, आणि एरियन सांगतो की पोरसने त्याला बघताच हत्ती वळवला आणि भाला उचलला, अंभी घोडा पळवून वाचला. हाती काय आलं, तर सिकंदराने पोरसला त्याचं राज्य परत दिलं, वर आणखी मुलूख दिला, आणि दोघांची दिलजमाई करून टाकली. तक्षशिलेत मात्र मॅसेडोनियन शिबंदी आणि फिलिप नावाचा क्षत्रप, म्हणजे सुभेदार, बसला. या फिलिपला थोड्याच दिवसांत त्याच्याच भाडोत्री सैनिकांनी मारलं, मग युडेमस हा सिकंदराचा सरदार आणि अंभी असं दोघांकडे काम आलं, पुढे युडेमसने पोरसला दग्याने मारलं आणि हत्ती घेऊन इ.स.पू. ३१७ च्या सुमारास तो पश्चिमेला निघून गेला. ग्रीक अंमल हा असा आठ-दहा वर्षांचा. चंद्रगुप्त मौर्याने पंजाब घेतला आणि अंभीचं नाव गेलं.

उत्खननात सिकंदर किती सापडतो माहितेय का? जवळजवळ नाहीच. भीर टेकाडावर, जे तेव्हाचं शहर, १९२४ मध्ये एका मडक्यात हजारावर चांदीची नाणी मिळाली, त्यात सिकंदराची फक्त दोन आणि त्याच्या सावत्र भावाचं एक, तीही जवळपास कोरी, बाकी सगळी इथलीच आहत (ठसे मारलेली) नाणी आणि वाकड्या पट्ट्या. म्हणजे पुस्तकात जो माणूस एवढा मोठा दिसतो तो बाजाराच्या गल्ल्यात इतकाच. शहर जळाल्याचा थरही त्या काळातला नाही. वाकड्यातिकड्या गल्ल्या, ओबडधोबड दगडांची घरं, आणि घरोघरी सांडपाणी मुरवायचे खड्डे, त्यात बुडाला भोक पाडलेले रांजण एकावर एक रचलेले, हे सगळं मौर्यांच्या काळातही तसंच चालू आहे.

आणि मौर्यांचा काळ म्हणजे घरचंच राज्य, सगळं गोड, असंही नाही हं. बौद्ध कथांमध्ये येतं की बिंदुसाराच्या वेळी तक्षशिलेने बंड केलं, अशोकाला पाठवलं, आणि लोक शहराबाहेर त्याच्या स्वागताला येऊन म्हणाले की आमचं तुमच्याशी आणि राजाशी काही वैर नाही, हे दुष्ट अमात्य आम्हाला छळतात. कथा असल्या तरी त्यातली तक्रार अगदी खरी वाटते. पाटलीपुत्रही या लोकांना लांबचंच होतं.

यानंतर इ.स.पू. १८० च्या पुढे बाल्खचे ग्रीक आले, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात जिवंत भाग हा. पहिल्या अपोलोडोटसचं चांदीचं नाणं हातात घेऊन बघा. चौकोनी आहे, साधारण अडीच ग्रॅम, अंगठ्याच्या नखावर मावेल एवढं. ग्रीकांची नाणी गोल असतात, चौकोनी आकार आपल्या आहत नाण्यांचा. एका बाजूला हत्ती, भोवती ग्रीक अक्षरांत राजाचं नाव, उलटं केलं की वशिंडाचा बैल आणि खरोष्ठीत महरजस अपलदतस त्रतरस, म्हणजे त्राता महाराज अपोलोडोटसचं. राजाचा चेहरा नाहीच. ग्रीक जगात राजाच्या मुंडक्याशिवाय नाणं म्हणजे काहीतरीच, पण इथल्या बाजाराला ते चालत नव्हतं किंवा त्याची गरज नव्हती, म्हणून जिंकणाऱ्याने आपला आकार सोडला, चेहरा सोडला, लिपीत अर्धा वाटा दिला. अॅगॅथोक्लीस हा दुसरा ग्रीक राजा तर त्याही पुढे गेला, त्याच्या काही नाण्यांवर एका बाजूला बलराम आणि दुसऱ्या बाजूला वासुदेव आहे, नांगर-चक्रासकट. कोणी कोणाला जिंकलं हे तलवारीपुरतं ठीक आहे, बाजारात ग्राहकाला समजेल तेच नाणं पाडावं लागतं.

याच ग्रीकांनी शहर उचलून ओढ्यापलीकडे सिरकपला नेलं. सरळ एक मोठा रस्ता, त्याला काटकोनात गल्ल्या, बाहेरून दगडी तट. आज तिथे जे दिसतं ते बहुतेक नंतरच्या शक-पहलव (पहलव म्हणजे पार्थियन) काळातलं पण आखणी तीच. तिथल्या एका स्तूपाच्या चौथऱ्यावर ओळीने कोनाडे आहेत, एकाला ग्रीक देवळाचा त्रिकोणी माथा, एकाला आपली कमान, एकाला सांचीसारखं तोरण, आणि वर दुतोंडी गरुड. कोणा कारागिराने हे सगळं शेजारी शेजारी बसवलं आणि त्यात काही विचित्र आहे असं त्याला वाटलेलं दिसत नाही. अंतलिकित या ग्रीक राजाचा तक्षशिलेचा वकील हेलिओदोर, तो मध्य प्रदेशात विदिशेला गेला आणि तिथे त्याने वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला, आजही उभा आहे. त्यात तो स्वतःला भागवत म्हणवतो, दियाचा पुत्र म्हणवतो, तखसिलाक म्हणजे तक्षशिलेचा म्हणवतो आणि मग यवनदूत. यवन म्हणजे इथे ग्रीक.

शक आले, मग पहलव. मोग या शक राजाच्या वेळचा पतिक नावाच्या क्षत्रपपुत्राचा एक ताम्रपट मिळालाय, त्यात तो तक्षशिलेत बुद्धाचे अवशेष ठेवल्याचं सांगतो, हा ताम्रपट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. पहलव राजा गोंडोफरनीसच्या आसपास, इ.स. ३० च्या सुमारास मोठा भूकंप झाला असं मार्शलने थरांवरून काढलं. जॉन मार्शलने १९१३ ते १९३४ एवढी वर्षं तिथे खोदलं, त्याचे सगळे निष्कर्ष आज टिकलेले नाहीत पण हा बऱ्यापैकी पटतो, कारण त्यानंतरच्या भिंतींचे पाये एकदम खोल जातात आणि दगड रचायची पद्धत बदलते, मोठे दगड आणि मधल्या फटीत पातळ चिपा घट्ट बसवलेल्या. लोक शहर सोडून गेले नाहीत, शिकून परत बांधलं.

नुकसान कुठे दिसतं ते सांगतो, नाहीतर मी सगळं छान छान सांगतोय असं वाटेल. सिरकपच्या घरांत जमिनीखाली पुरलेले दागिने आणि चांदीची भांडी मिळाली, सोन्याच्या बांगड्या, हार, कर्णफुलं, चांदीच्या वाट्या. कुषाणांच्या स्वारीच्या वेळी, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, लोकांनी ती पुरून ठेवली असं समजतात. जमिनीत पुरलेलं सोनं आपल्याला सापडतं याचा अर्थ एकच, पुरणारा परत आला नाही. शहर टिकलं असं आपण म्हणतो तेव्हा ही माणसं त्यात मोजायची राहून जातात, आणि मला दर वेळी त्यांचा विचार येतो. परक्यांची स्वारी ही शहराला सोसली म्हणून घराघराला सोसली असं होत नाही.

कुषाणांनी तिसरं शहर वसवलं, सिरसुख, गोल बुरुजांचं. व्यापार या काळात सगळ्यात जोरात, विहारांनी डोंगर भरून गेले. धर्मराजिक स्तूपाच्या आवारात चांदीच्या पत्र्यावर लिहिलेला एक लेख मिळाला, तेव्हाच्या कालगणनेचं वर्ष १३६, बाल्खकडचा उरसक नावाचा माणूस तिथे अवशेष ठेवतो आणि पुण्य मागतो ते कुषाण राजाच्या, आईबापाच्या, मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या आरोग्यासाठी. परक्या घराण्याचं राज्य, परगावचा दाता आणि मागणं अगदी आपल्यासारखं.

आता विद्यापीठ. एक मोठी इमारत, दहा हजार विद्यार्थी, आणि एक दिवस कोणीतरी येऊन आग लावली, हे चित्र डोक्यातून काढा. उत्खननात तशी इमारत नाही, आणि जातककथाही तसं सांगत नाहीत. त्यात नामांकित आचार्य आहेत, राजपुत्र आणि ब्राह्मणांची मुलं हजार मुद्रा दक्षिणा घेऊन लांबून येतात, ज्यांना परवडत नाही ती गुरूच्या घरी काम करून शिकतात. म्हणजे घरोघरचे गुरू, त्यांचं मिळून विद्येचं शहर. जीवक वैद्य तिथे शिकला असं बौद्ध परंपरा सांगते, चाणक्याचं नावही परंपरेनेच जोडलंय, पाणिनी तिथून जवळच्या शलातुरचा आणि त्याच्या सूत्रांत तक्षशिलेचं नाव येतं. अशी व्यवस्था जाळता येत नाही, ती सुकते. पैसा आटला, रस्ते असुरक्षित झाले, राजाश्रय गेला की आचार्य दुसरीकडे जातात. सिकंदराच्या स्वारीत ती संपली हे तर साफ चूक, त्यानंतर कित्येक शतकं लोक तिथे येत होते.

जळाल्याच्या खुणा आहेत, पण त्या फार नंतरच्या, पाचव्या शतकाच्या अखेरच्या आसपास आणि त्या विहारांच्या. जौलियाँच्या विहारात भूर्जपत्रावरची एक जळकी पोथी मिळाली, ब्राह्मी अक्षरांत संस्कृत, कडा करपलेल्या. तिथल्या मातीच्या काही मूर्ती आगीत भाजून पक्क्या झाल्या आणि म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. मार्शलने हे हूणांच्या माथी मारलं आणि शाळेच्या पुस्तकांतून तेच आलं. आता अभ्यासक जरा जपून बोलतात. तोरमाण नावाच्या हूण राजाच्या काळातला एक लेख मिठाच्या डोंगरात कुरा इथे मिळालाय, तो चक्क बौद्ध विहार बांधल्याचा आहे, आणि विहारांच्या ढिगाऱ्यांत हूणांची नाणी वापरातली म्हणून सापडतात. हूणांच्या लढायांनी विहार जळले असतील, माझं मतही तसंच आहे, पण उठवणारं कोणी उरलं नाही हा मुख्य भाग. आधी भूकंपानंतर उठलं, कुषाणांनंतर उठलं, या वेळी मागे व्यापाराचा पैसा नव्हता. चिनी प्रवासी ह्युएनत्संग इ.स. ६३० च्या सुमारास गेला तेव्हा त्याला जमीन सुपीक दिसली, विहार पुष्कळ पण पडके, भिक्षू थोडे, सरदार आपापसात भांडतायत आणि मुलूख काश्मीरच्या ताब्यात. पुढे नावही विसरलं गेलं, १८६३-६४ मध्ये कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने जुन्या प्रवासवर्णनांतली अंतरं मोजून जागा परत ओळखली.

राहिला महाराष्ट्र. तो पतिकचा ताम्रपट सांगितला ना, त्यात त्याच्या बापाचं घराणं क्षहरात असं दिलंय. आता नाशिकला या. पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत, तो ज्याचा जावई त्या शक राजा नहपानाचं घराणंही क्षहरातच. तक्षशिलेच्या बाजूला जे नाव दिसतं तेच काही पिढ्यांनी नाशिक-जुन्नरवर राज्य करताना दिसतं, नेमकं नातं काय हा वेगळा विषय, पण वाट तीच. आणि तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, जे कोरून ठेवलंय त्यात तो शक-यवन-पहलवांचा नाश करणारा आणि खखरात, म्हणजे क्षहरात, वंश निःशेष करणारा आहे. म्हणजे तक्षशिलेवर एकामागून एक आलेले तिघेही त्या एका ओळीत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा परत मारलाय, नीट बघितलं तर नवीन ठशाखालून नहपानाचा चेहरा आणि मोडकी ग्रीक अक्षरं अजून दिसतात. पैसे वितळवले नाहीत, चालू ठेवले.

पांडवलेण्यांना गेलात तर तीन आणि दहा ही दोन्ही लेणी बघाच, आणि वेळ असेल तर सतरा नंबरही, तिथे उत्तरेकडच्या दत्तमित्री गावच्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने स्वतः लेणं खोदवून दिल्याचं लिहिलंय. सकाळी लवकर जा, उजेड तिरका असतो तेव्हा अक्षरं वाचायला सोपी जातात.